कुंकू लागलेलं टर्मिनल

गगनबावड्याकडचं गाव सोडून आबा कोल्हापूरला फौंड्रीत लागले, तेव्हा आम्हाला भाड्याची एकच खोली होती. पावसाळ्यात आम्ही भावंडं चुलीच्या कडेला झोपायचो, कारण तेवढीच जागा कोरडी. आई त्याच फौंड्रीत वाळूच्या पाट्या उचलायची. वितळलेल्या लोखंडाकडं बघून बघून आबांचे डोळे अधू झाले. दोघांनाही सही येत नव्हती. मी बी.एस्सी. झाले. आमच्या भावकीत तोवर कुणी झालं नव्हतं, हे मी आजही मान वर करून सांगते.

नोकरी लागली ती टर्मिनलवर. जाड पाठीचा पडदा, हिरवी अक्षरं, पुढ्यात कीबोर्ड. त्याला स्वतःचं डोकं नसायचं. सगळं काम पुण्यातला मोठा कॉम्प्युटर करायचा, आमच्याकडं ते तारेतून यायचं. आबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी हितं बसून पुण्याशी बोलतीस व्हय?" त्यांना त्याचं फार कौतुक.

खंडेनवमीला फौंड्रीत हत्यारं पुजतात. जी वस्तू पोट भरते तिच्यावर पाणी शिंपडायचं, हळदकुंकू वाहायचं, हात जोडायचे. त्या वर्षी तिथली पूजा आटोपून आबा झेंडूची फुलं घेऊन थेट माझ्या ऑफिसात आले. मी त्यांच्यासाठी खुर्ची आणेपर्यंत त्यांनी कीबोर्डवर पाणी शिंपडून कुंकू वाहिलंसुद्धा.

दुपारी पडदा विझला. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हातारबांनी मशीनला मोक्ष दिला." सगळे हसले. आबा पायांकडं बघत उभे राहिले. नवी मशीन येणारच होती, म्हणून ते टर्मिनल कुणी उघडून पाहिलं नाही, अडगळीत गेलं. माझ्या नोकरीला काही झालं नाही. पण आबा त्या ऑफिसची पायरी पुन्हा चढले नाहीत.

पुढं ऑफिसनं भंगार काढलं तेव्हा ते टर्मिनल मी घरी आणलं. आबा रोज सकाळी टॉवेलानं त्याची पाठ पुसायचे आणि मधूनच विचारायचे, "माझ्या हातनं मेलं न्हवं ते?" मी नाही म्हणायचे. त्यांना पटायचं नाही. पटणार कसं, पडदा तर काळाच होता.

यंदाच्या पावसात आबा गेले. शेवटच्या आठवड्यातही त्यांनी तेच विचारलं.

दिवसकार्य झाल्यावर मी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराला बोलावलं. कीबोर्डच्या बटणांखाली वाळलेलं कुंकू होतं. पडद्याच्या पेटीत मात्र त्याचा कणही नव्हता. तिथं वीज येते त्या ठिकाणचा एक जोड जळून काळा पडला होता. "तापून तापून जळालाय ह्यो, ताई. पाण्याचा हितं काय संबंध न्हाय," तो म्हणाला. ज्या माणसानं हे ऐकायला हवं होतं, तेच घरात नव्हतं.

जोड बदलला. मागं एक छोटा कॉम्प्युटर लावला, जो जुन्या मोठ्या कॉम्प्युटरचं सोंग घेतो. खंडेनवमीला पडद्यावर हिरवी अक्षरं आली. आईनं हळदकुंकू वाहिलं, पण पाण्याचा तांब्या हातातच धरून ठेवला. तो मी घेतला आणि आबांनी शिंपडलं होतं तसंच कीबोर्डवर चार थेंब शिंपडले.

पडदा विझला नाही. मागचा छोटा कॉम्प्युटर आता दोन वेगवेगळ्या जुन्या कॉम्प्युटरांचं सोंग घेतो, आणि टर्मिनल त्या दोन्हींशी बोलतं. आबांच्या हातून ते मेलं नव्हतं, हे मी सिद्ध केलं.