मेनूतून काढलेलं होडीचं पान

पनवेलमध्ये घरोघरी नुकतं ब्रॉडबँड येत होतं, तेव्हा मी पनवेल-उरणची माहिती देणारी एक वेबसाइट चालवायचे. तिच्यावरचं सगळ्यात चांगलं पान माझं नव्हतंच. उरणच्या एका कोळी मुलीने ते लाकडी होड्या बांधणाऱ्या आपल्या वडिलांवर लिहिलं होतं. कितीतरी लोकांनी आपापल्या साइटवर त्याची लिंक दिली होती. सर्च इंजिन अशा लिंका बघून पानाचं वजन ठरवतं, त्यामुळे ते शोधात वर यायचं. कॉलेजची मुलं फोन करून तिच्या म्हाताऱ्या वडिलांचं काम बघायला जायची.

मग मला उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या प्लॉटची जाहिरात मिळाली. जाहिरातदाराला शोधात पहिला नंबर हवा होता आणि मला युक्ती माहीत होती. मी होडीचं पान मेनूतून काढलं आणि जुन्या लेखांच्या खाली नव्या पत्त्यावर नेऊन टाकलं. त्याच्या मूळ पत्त्यावर प्लॉटचं पान बसवलं. म्हणजे बाहेरच्या सगळ्या लिंका आपोआप प्लॉटला मिळाल्या. काही आठवड्यांत प्लॉट वर आले. होडी सापडेनाशी झाली.

एके दिवशी ती मुलगी माझ्या ऑफिसात आली.

"ताई, आता कोन येत नाय. बाबा बोलतात, लोकांना होड्या नको झाल्या."

"सर्च इंजिनचे नियम बदलत असतात गं," मी म्हणाले. "आपल्या हातात काही नसतं."

तिला ते पटलं. वडिलांनी माझ्यासाठी पाठवलेली सुकट तिने टेबलावर ठेवली आणि ती गेली.

ती गेल्यावर मी सगळं पूर्ववत केलं. जाहिरात गेली. पण होडीच्या जागी प्लॉट दिसतात म्हणून तोवर बऱ्याच जणांनी लिंका काढून टाकल्या होत्या. पान परत आलं, पण खूप खाली.

न राहवून मी उरणला गेले. म्हाताऱ्यांनी हत्यारं पुतण्याला देऊन टाकली होती. "कोन बघाय येत नाय, मग ठेवून काय करायचं?" ते म्हणाले. मग विचारलं, "कंप्युटरमदी बिघाड झालता का?"

"हो," मी म्हणाले.

"होतं कदी कदी. तुमी नका मनाला लावून घेऊ."

मुलीने चहा आणला. तो पिऊन मी निघाले. खरं काय ते दोघांनाही सांगायचं धाडस मला तेव्हा झालं नाही, पुढेही नाही.