चाकणच्या शेडमधला सरकता बुडबुडा

सांगलीची गाडी वल्लभनगरच्या स्टँडवर पोचली तेव्हा नुकतं उजाडत होतं. धुकं इतकं दाट होतं की समोरचा उड्डाणपूल अर्ध्यावरच संपल्यासारखा दिसत होता. मी त्याचा फोटो काढून आईला पाठवला. कारखान्यांतली मशिनं समतल बसवून देणं हे माझं काम, आणि महिन्यातले निम्मे दिवस मी फिरतीवर असते. आईचे गुडघे गेल्यापासून तिला जिना उतरवत नाही. म्हणून मी जाईन तिथले फोटो पाठवते आणि ती दिवसभर त्यांवर प्रश्न विचारते. पुलाचा फोटो बघून तिने विचारलं, पुढे काय आहे? मी लिहिलं, दिसत नाही.

भोसरीत लॉजवर बॅग टाकली आणि घाईत चुकीच्या शेअर रिक्षात बसले. चिखलीत पोचल्यावर चूक कळली. शेजारच्या बाईंनी मला मोशीला जाणाऱ्या रिक्षात बसवून दिलं. तिथून चाकणला पोचायला तासभर गेला. चौकातल्या गाडीवर गरम कांदाभजी खाल्ली. कांदा इथलाच, त्यामुळे भज्यात पिठापेक्षा तोच जास्त.

कंपनी चाकणच्या पुढे एका गावाला खेटून होती. मोठी शेड, चकचकीत फरशी. तक्रार एकाच मशीनची होती. कोपऱ्यातलं ते मशीन नीट बसवलं तरी एक-दोन दिवसांत कलतं आणि माल खराब होतो. मी त्यावर लेव्हल ठेवली. काचेच्या नळीत द्रव आणि एक बुडबुडा असलेलं हे साधन; बुडबुडा मधोमध आला की मशीन समतल. संध्याकाळपर्यंत खपून मी बुडबुडा मध्यावर आणला आणि पुराव्यासाठी फोटो काढला.

सकाळी बुडबुडा सरकलेला होता. पुन्हा मध्यावर आणला. तिसऱ्या दिवशीही तेच. रोज सकाळी काढलेले फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दर वेळी मशीन एकाच बाजूला झुकत होतं, ऑपरेटर उभा राहतो त्या बाजूला.

ऑपरेटर बालाजी, लातूरकडचा. तीन वर्षं याच मशीनवर आहे. बायको-मुलगी भोसरीत भाड्याच्या खोलीत राहतात. तो कमी बोलायचा. त्या दिवशी मात्र आजूबाजूला कोणी नाही असं बघून म्हणाला, "मॅडम, इथं थांबलं की पायाला गार लागतंय. बूट घालूनसुद्धा."

चहाच्या सुट्टीत शेडमधली सगळी मशिनं थांबली. बेअरिंगचा आवाज ऐकायला आम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. मी ते टोक फरशीला टेकवलं. आधी काहीच नव्हतं. मग खूप खालून, सावकाश, पाणी टपकल्याचा आवाज आला. मी बालाजीकडे स्क्रूड्रायव्हर दिला. त्याने ऐकलं, परत दिला आणि पाणी प्यायला निघून गेला. पाण्याची टाकी शेडच्या दुसऱ्या टोकाला होती. तो फरशीच्या कडेकडेने गेला.

मॅनेजरसाहेबांना सांगितलं तर त्यांनी नकाशा काढून दाखवला. त्या कोपऱ्याखाली नळ नव्हता, गटारही नव्हतं.

त्याच सकाळी मी एक फोटो स्टेटसला ठेवला होता. बालाजीच्या जागेवर उभं राहून उघड्या शटरमधून काढलेला. धुक्यातून वर आलेला डोंगर, त्याची खिंड, आणि अलीकडे एक मोठा पिंपळ. बाकी काही नाही. कँटीनमध्ये पोळ्या करणाऱ्या शोभाताई त्याच गावच्या. पहिल्या दिवशी मी त्यांचा फोटो काढला होता आणि तो पाठवायला नंबर घेतला होता. त्यामुळे माझं स्टेटस त्यांना दिसलं. चौथ्या दिवशी ताटात पोळी वाढताना त्या हळूच म्हणाल्या, "ताई, तुमचा फोटो बघितल्यापासनं आमच्या सासूबाई जेवल्या न्हाईत. तुमाला घरी बोलवलंय."

दुपारी गेले. कंपनीच्या भिंतीला लागूनच त्यांचं घर. हौसाबाई पडवीत बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, डोळे मात्र लख्ख. त्यांनी माझा फोन हातात घेतला आणि फोटोकडे खूप वेळ पाहिलं.

"ह्यो आमच्या विहिरीच्या काठावरनं काढलाय," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं, आजी, हा शेडच्या आतून काढलाय.

"व्हय. पर खिंड आन् पिंपळ असं एकामागं एक दुसरीकडनं कुठनंच दिसत न्हाईत. मी तिथं बैलांची मोट हाकलीय. रोज हेच बघायची."

जमीन कंपनीला गेली तेव्हा विहीर बुजवली, असं शोभाताईंनी सांगितलं. मुरूम आणि दगडांच्या गाड्या रिकाम्या होत होत्या, आणि म्हातारी कडेला उभी होती. मी विचारलं, पूर्ण बुजवली का? हौसाबाईंनी मान हलवली.

"बुजली न्हाई. झाकली." मग फोटोवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ह्यो काढला तिथं माणूस उभा ऱ्हातो का?"

मी तडक कंपनीत परतले. दुसरी पाळी सुरू होणार होती आणि बालाजी ओव्हरटाइमसाठी थांबला होता. मॅनेजरसाहेब म्हणाले, म्हातारीच्या आठवणीवर मशीन बंद ठेवलं तर मी वर काय सांगू? मी म्हटलं, मशीन समतल असल्याच्या कागदावर मी सही करणार नाही, आणि कारण लिहून देईन. मग त्यांनी बालाजीला बाजूला व्हायला सांगितलं आणि फरशीला भोक पाडणाऱ्या माणसांना बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बालाजीच्या जागेपासून हातभर अंतरावर ड्रिल लावलं. वीतभर काँक्रीट फोडून ते एकदम आत गेलं. पुढे काहीच लागलं नाही. ड्रिल काढल्यावर एकाने भोकातून नट टाकला. आम्ही सगळे थांबलो. मला वाटलं, तो कुठेतरी अडकला. आणि तेव्हा पाण्याचा आवाज आला.

विहिरीतला भराव खाली बसत गेला होता, आणि आठ टनांचं मशीन आणि एक माणूस पोकळीवरच्या फरशीवर उभे होते. तीन वर्षं.

बालाजी एका पालथ्या क्रेटवर बसला. त्याने घरी फोन लावला आणि मुलगी शाळेत गेली का, एवढंच विचारलं.

आधी मशीन उचलून दुसरीकडे नेलं, मग फरशी कापली. मॅनेजरसाहेबांनी स्वतः हौसाबाईंना बोलावणं पाठवलं. डोक्यावर पदर, पदरावर पिवळं हेल्मेट, अशा त्या शोभाताईंचा हात धरून आल्या. खाली काळं पाणी होतं, आणि एका बाजूला घडीव दगडांच्या पायऱ्या. शेडमध्ये वारा नव्हता, तरी पाणी हलत होतं. हौसाबाई वाकल्या आणि पाण्याशी काहीतरी बोलल्या. काय बोललात, असं मी विचारलं.

"आमी हाय अजून, एवढंच सांगितलं."

त्या दुपारी मी परतीची गाडी धरली. दोन्हीकडे शेडमागून शेड जात होती. आजवर मला त्या शेडच दिसल्या होत्या. आता प्रत्येक फरशीखाली काय असेल, हाच विचार येत होता. फोटो पुष्कळ होते, पण गाडीत एकही पाठवला नाही.

घरी पोचले. चपला काढून फरशीवर उभी राहिले. आमच्या इमारतीला पंचवीस वर्षं झाली असतील. आईला विचारलं, आपली इमारत झाली त्याआधी इथे काय होतं?

"मळा होता कुणाचातरी," आई म्हणाली.

"कुणाचा?"

आई आठवत राहिली. तिला नाव माहीत नव्हतं.