बोर्डबाईंचा कान

हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षं बसलेल्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? बोर्डबाई. जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत त्यांनी कानाला हेडफोन लावला तेव्हा केस काळेभोर होते, आणि काढला तेव्हा त्यात काळा शोधावा लागत होता. मधल्या काळात निम्मे डॉक्टर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. आवाजाने मात्र सगळे ओळखीचे.

आणि कान असा की विचारू नका. पहिल्या 'हॅलो'लाच त्यांना कळायचं, हा बिल चुकवायला बघतोय, हिचं माणूस गेलंय आणि हिला अजून कोणी सांगितलेलं नाही. औषधं विकणारे "डॉक्टरांचा मावसभाऊ बोलतोय" म्हणून थेट लाइन मागायचे. बाई गोड आवाजात म्हणायच्या, "मावसभाऊंसाठी मंगळवारी चार ते पाच." मोठे डॉक्टरसुद्धा कधीकधी विचारायचे, "बाई, माणूस कसा वाटला?" त्यांचा अंदाज चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं. कोणी हलक्या कानाचं असतं, कोणी तिखट कानाचं. बाई दुसऱ्या जातीतल्या, आणि त्याचा त्यांना थोडा ताठाही होता.

त्यांचा नियम साधा होता. ज्याला काही गळ्यात मारायचंय तो भरभर बोलतो, एका वाक्यात तीनदा मॅडम म्हणतो आणि कुठल्याच प्रश्नाला अडत नाही. खरा जाणकार सावकाश बोलतो, मध्येच थांबतो, आणि न लाजता सांगतो, "हे मला माहीत नाही, बघून सांगतो." हॉस्पिटलच्या बोर्डावर हा नियम एकतीस वर्षं चालला.

मग हॉस्पिटलने यंत्र आणलं. एक दाबा, दोन दाबा, प्रतीक्षा करा. बाईंना एक फुलांचा गुच्छ मिळाला आणि एकरकमी पैसे. पेन्शन नाही. रक्कम ऐकायला भरघोस होती, पण बाई महिन्यांनी भागायला बसल्या की ती धुतलेल्या कापडासारखी आकसायची. कारण खाणाऱ्या दोघी होत्या. बाईंनी लग्न केलं नव्हतं, आणि सहा वर्षांनी मोठी असलेली विधवा बहीण, आक्का, त्यांच्याकडे राहायची. आक्काचे डोळे जवळजवळ गेले होते. आधी ती मुलाकडे होती. तिथे सून तिच्या हातून सांडलेलं पुसायची नाही. आक्का परत त्यावरून घसरेपर्यंत तसंच ठेवायची. दोनदा घसरल्यावर बाई जाऊन तिला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आता मरेपर्यंत तिकडे पाऊल टाकायचं नाही." हे पैसे पुरले तर तो शब्द पुरणार होता. नाही पुरले तर आक्का पुन्हा सुनेच्या दारात.

म्हणून बाईंनी ठरवलं, पैसा कसा सांभाळायचा ते शिकायचं. आणि फुकट शिकायचं, कारण फी भरायची तर ती याच पैशातून. फुकट ते पौष्टिक असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं!

सार्वजनिक वाचनालयात या विषयाची तीन पुस्तकं निघाली. एकात व्याजाचे असे दर होते की वाचून बाईंना तारुण्य आठवलं. दुसऱ्याची नेमकी कामाची पानं कोणीतरी फाडून नेली होती, आणि तिसरं श्रीमंतांसाठी होतं. बँकेत माहितीपत्रक फुकट मिळालं, पण ते वाचायच्या आत काउंटरवरच्या मुलीने विम्याचा फॉर्म पुढे सरकवला. फोनवर बघावं तर एक माणूस नोटांच्या चित्रापुढे उड्या मारत ओरडत होता. सरकारी माहिती खरी होती, फुकट होती, आणि अशा भाषेत होती की लिहिणाऱ्याने ती कोणी वाचू नये याची काळजी घेतली असावी.

वाचनालयाच्याच फळ्यावर एक चिठ्ठी होती. दर शनिवारी सकाळी, घरचा पैसा, विनामूल्य, शिकवणार एक निवृत्त कॅशियर. बाई गेल्या. नऊ माणसं होती, त्यातली दोन पंख्यासाठी आलेली. कॅशियर उभा राहिला आणि सुटलाच. "मॅडम बघा मॅडम, पहिली गोष्ट मॅडम, खर्च लिहा, लिहिला ना, मग पुढचं." बाईंनी विचारलं, "बँक बुडाली तर?" प्रश्न संपायच्या आत त्याचं उत्तर तयार. दुसरा प्रश्न विचारला, तोच प्रकार. अर्ध्या तासात बाई उठल्या.

"पक्का विक्या आहे," घरी येऊन त्या आक्काला म्हणाल्या. "आज फुकट शिकवतोय, उद्या काहीतरी गळ्यात घालेल."

तो माणूस चाळीस वर्षं जाळीमागे बसला होता, आणि समोरची रांग चाळीस वर्षं "आटपा, आटपा" करत होती. भरभर बोलणं ही त्याची खोड होती, आणि विकायला त्याच्याकडे काहीही नव्हतं. पण हे बाईंना कुठून कळणार? त्यांनी आयुष्यात कॅशियरचा फोन जोडून दिला नव्हता.

त्यानंतर आठवड्याभराने हॉस्पिटलमधल्या एका सिस्टरने त्यांना फोनवरच्या एका वर्गाची लिंक पाठवली. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं, पैसे नाहीत, नुसता आवाज. बाईंनी फोन स्टीलच्या वाडग्यात उभा केला, म्हणजे आक्काला मोठ्याने ऐकू येईल. आवाज आला आणि बाईंचे हात थांबले. सावकाश बोलणं. वाक्याच्या मध्ये श्वास. कोणीतरी प्रश्न विचारला तर तो माणूस चक्क गप्प बसला आणि म्हणाला, "हे मला नक्की माहीत नाही. उद्या बघून सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगितलं.

"आक्का, हा खरा माणूस आहे," बाई म्हणाल्या. "असे आवाज मी सगळ्या नोकरीत चार ऐकले असतील."

शिकवायचाही बरोबर, हे सांगायला हवं. आधी कर्ज फेडा. सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा. दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. रोज शेवटी म्हणायचा, "माझ्यावरही विश्वास ठेवू नका. तपासून घ्या." बाईंनी तपासलं नाही. जो स्वतःच तपासा म्हणतो त्याचं काय तपासायचं? दोघी बहिणी त्या पंधरा मिनिटांसाठी स्वयंपाक लवकर उरकू लागल्या. आक्का तर त्याला 'आपले सर' म्हणू लागली.

विसाव्या दिवशी बाईंनी आपणहून फोन केला. ऐकलं होतं की सर काही लोकांचे पैसे सांभाळतात. सर म्हणाले, "नको ताई. तुम्ही आधी नीट शिका." बाईंनी चार दिवसांनी पुन्हा विचारलं. पुन्हा नको. तिसऱ्यांदा विचारल्यावर सर बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बघून सांगतो." पुढचे चार दिवस बाईंनी कसे काढले त्यांनाच ठाऊक. हा माणूसही नाही म्हणाला तर जायचं कुठे? तो हो म्हणाला तेव्हा त्यांनी आभार मानले. सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवला, त्यानेच शिकवल्याप्रमाणे, आणि बाकी सगळं त्याच्याकडे दिलं.

तीन महिने व्याज दिलेल्या तारखेला आलं. चौथ्या महिन्यात वर्ग बंद झाला, व्याज बंद झालं, आणि नंबर लावला की यंत्रातली एक बाई सांगू लागली की हा नंबर अस्तित्वात नाही.

पोलीस चौकीतला हवालदार वाईट नव्हता. त्याने आधी पाणी दिलं, मग फॉर्म काढला. पूर्ण नाव? सर. पत्ता? माहीत नाही. फोटो, वर्णन, गाडी?

"मी त्याला आवाजावरून ओळखेन," बाई म्हणाल्या. "हजारात ओळखेन."

"बाई, फॉर्मात आवाजाला रकाना नाही हो," हवालदार म्हणाला आणि वर्णनाच्या जागी त्याने आडवी रेघ ओढली.

आक्काला त्यांनी सांगितलं, सर आजारी आहेत. आक्का रोज विचारायची, बरे झाले का.

शनिवारी बाई पुन्हा वाचनालयात गेल्या. बैल गेला आणि झोपा केला, हे त्यांना कळत होतं. पण पाय दुसरीकडे कुठे जाणार? वर्ग संपेपर्यंत त्या मागे बसल्या आणि मग कॅशियरला सगळं सांगितलं. त्याने फोन काढला. लोकांचे पैसे सांभाळणाऱ्याची सरकारदरबारी नोंदणी लागते, ती यादी कोणालाही फुकट बघता येते. दोन मिनिटांत त्याने बघितलं. सरांचा वर्ग ज्या नावाने चालायचा ते नाव त्या यादीत नव्हतं, कधीच नव्हतं.

"मॅडम, त्या दिवशी दहा मिनिटं थांबला असतात ना मॅडम, तर याच्यावरच येणार होतो," तो बोलून गेला, आणि मग ओशाळून खाली बघत राहिला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडून काही भरभर निघेना.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "घरात काय उरलंय?"

वेगळ्या ठेवलेल्या पैशातले जेमतेम तीन महिन्यांचे उरले होते. आणि आक्काच्या आठ सोन्याच्या बांगड्या. कॅशियरने पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. बांगड्या मोडायच्या, पैसे बँकेत ठेवायचे, महिन्याला इतकेच काढायचे. ओढून ताणून अडीच वर्षं. "पुढचं पुढे बघू मॅडम," तो म्हणाला. खोटा धीर त्याला देता येत नव्हता. अडीच वर्षं. बाईंना तेवढ्यानेही हायसं वाटलं. अडीच वर्षं आक्का सुनेकडे जाणार नव्हती.

दुपारी आक्का पलंगावर बसून चाचपत कपड्यांच्या घड्या घालत होती. बाईंनी दार लावलं, तिच्यासमोर बसल्या आणि एका दमात सांगून टाकलं. आक्काचे हात थांबले.

"सगळे गेले?"

"सगळे. आक्का, तुझ्या बांगड्या मोडाव्या लागतील गं. मला मागायलाही तोंड नाही."

 आक्काने एका फडक्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"त्या नाहीत," ती म्हणाली. "मी त्यांनाच दिल्या."

"कोणाला?"

"सरांना. तू फोन घरी ठेवून भाजीला गेली होतीस तेव्हा शेजारच्या मुलीकडून लावून घेतला. ते नकोच म्हणत होते, मीच मागे लागले. तुझ्या एकटीच्या पैशावर किती दिवस बसून खायचं? मग त्यांचा माणूस येऊन घेऊन गेला. पावती दिलीय."

"मला एका शब्दाने विचारायचं तरी!"

"विचारायचं काय त्यात? खरा माणूस आहे, असं तूच म्हणालीस. तुझा कान कधी चुकलाय का?"

 आक्काने उशीखालून डबा काढला, त्यातून चौघडी केलेला कागद काढला आणि पुढे धरला. बाईंनी तो उघडला. कागद कोरा होता. त्यांनी उलटून मागे बघितलं, तिथेही काही नव्हतं.

"काय लिहिलंय?" आक्काने विचारलं.

"बांगड्या आठ, असं लिहिलंय," बाई म्हणाल्या, आणि घडी घालून कागद तिच्या हातात परत दिला.

आक्काने तो जपून डब्यात ठेवला. मग ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"मुलाला फोन लाव," शेवटी ती म्हणाली. "आणि हे बघ, मीच यायचं म्हणतेय असं सांग. तू पाठवतेस असं नको."

बाईंनी फोन लावला. सुनेने उचलला.