सहीअभावी स्वस्त

गणिताच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर कमलाकांतरावांना स्वस्तात घरं घेऊन विकायचा नाद लागला. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून त्यांनी एक नेम ठरवला. ज्या घराला बाकी गिऱ्हाईक हात लावत नाही, तेच आपण धरायचं. अमरावतीत असं घर म्हणजे ज्याच्या कागदावर एका बहिणीची सही अडलेली. वडील गेल्यावर भावानं साडी-चोळी करायची आणि बहिणीनं हक्कसोडपत्र लिहून द्यायचं, ही आपल्याकडची रीत. जिथे ती बिनसते तिथे घर पाऊण किमतीत मिळतं. आयुष्यभर पोरांकडून गृहपाठ करून घेतलेल्या माणसाला एक सही आणणं काय जड, असं मास्तरांना वाटलं.

सूर्यभानचं घर त्यांनी असंच धरलं. निवृत्तीच्या पैशातून इसार दिला आणि बहिणीची सही आणायची जबाबदारी कागदावर स्वतःच घेतली. मुदत शुक्रवारपर्यंत होती. सही नाही आली तर इसार गेला.

आज मंगळवार, आणि अकोल्याची ही तिसरी फेरी. एप्रिलचं ऊन, गुडघे बोलायला लागलेले, आणि पिशवीत एक पिवळी साडी.

सूर्यभानच्या बहिणीनं, कौशल्याबाईंनी, आधी पाणी दिलं. मग साडी उलगडून पाहिली आणि पुन्हा घडी घातली.

"चांगली हाय. कोनं आनली?"

"सूर्यभाननंच पाठवली," मास्तर म्हणाले. आता त्यांना खोटं बोलायचासुद्धा कंटाळा आला होता.

"त्यानं नाही पाठवली. मले पिवळा रंग आवडत नाही, हे त्याले लहानपनापासून मालूम हाय."

मास्तरांनी हक्कसोडपत्राचा कागद पुढे केला.

"मले हिस्सा नाही पायजे, मास्तर. उद्याच्या उद्या येऊन सही करतो. पन अकरा वर्सं झाले, तो माह्या दारात आला नाही. एकडाव त्याले घिऊन या. काहून येत नाही तो?"

मास्तरांनी तिथूनच सूर्यभानला फोन लावला. तो म्हणाला, "मले टाइम नाही. सही आनाचं तुमीच लिहून देल्लं ना?" फोन ठेवला तेव्हा कौशल्याबाई सगळं समजल्या होत्या. साडी त्यांनी मास्तरांच्या पिशवीत परत ठेवली.

"तुमाले बहीन हाय?"

"आहे. मूर्तिजापूरला."

"तिनं देली सही?"

"दिली."

"तुमी गेल्ते तिच्या घरी?"

मास्तर गेले नव्हते. नऊ वर्षांपूर्वी अनसूया एकटी बसनं अमरावतीला आली होती. रजिस्ट्री ऑफिसात तिनं सही केली, अंगठा दिला. ऑफिसच्या पायऱ्यांवरच मास्तरांनी तिच्या हातात साडीची पिशवी दिली आणि चौथा तास आहे म्हणून शाळेत निघून गेले. ती जेवली का, बस कधी मिळाली, काही विचारलं नाही. त्यानंतर राखीपौर्णिमेला फोन, दिवाळीला फोन, एवढंच.

कौशल्याबाईंनी पुढे काही विचारलं नाही. चहा मात्र करून पाजला.

परतीच्या बसमध्ये मास्तरांनी खिडकीला डोकं टेकलं. इसार बुडालाच होता, आणि नवल म्हणजे त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. लाज वाटत होती. तिन्ही फेऱ्यांत जाताना बस मूर्तिजापूरच्या स्टँडवर थांबली होती, आणि तिन्ही वेळा ते मोबाइलवर घरांच्या जाहिराती पाहत बसले होते. या वेळी बस थांबली तेव्हा ते उतरले.

घर दोनदा विचारावं लागलं. दार अनसूयेनंच उघडलं. केस पार पांढरे झाले होते. तिनं भावाकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या साडीच्या पिशवीकडे.

"ये, बस," ती म्हणाली. "सही कशावर करायची आहे, दादा?"

आणि उत्तराची वाट न पाहता ती चष्मा आणायला आत गेली.