कपाशीच्या मुलखात धानाचा माणूस

पौषात मळणी उरकली आणि आम्ही वैनगंगेकाठचं गाव सोडलं. मी, बायको सगुणा आणि दोन पोरं. धाकटा भाऊ धोंडू गाडीबरोबर तळ्याच्या पाळीपर्यंत चालत आला. आई दारातच थांबली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "तिकडं पीक कायचंबी घेजो, पण आपल्या धानाले हात लागतेत, हे इसरू नको."

अमेरिकेत लढाई जुंपली होती. विलायतेला तिकडची रुई मिळेना, म्हणून वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. मी अमरावतीजवळ बटाईने जमीन घेतली. पहिल्याच वर्षी, हाताच्या सवयीने, धानाच्या बांधीला, म्हणजे भातखाचराला, घालतात तसे शेताला चारी बाजूंनी बांध घातले. पाऊस झाला, काळ्या मातीत पाणी तुंबलं आणि कपाशी पिवळी पडली. शेजारचे संपतराव शेताच्या कडेला धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, "काहून भाऊ, कपाशीले पोहणं शिकवून राहिला का?"

त्याच दिवशी बांध फोडले. पाणी वाहून जाताना पाहवेना. आमच्याकडे पाणी अडवण्यावरून सख्ख्या भावांत बोलणं बंद होतं, आणि इथे मी ते घालवायला कुदळ घेऊन उभा होतो.

भाकरीची सवय झाली. ज्वारी पोटात टिकते, हे मान्य केलं पाहिजे. पण पोरं भात मागत. एकदा सगुणाने भात रांधला, तर वास गेला तशी संपतरावांची बायको धावत आली. "कोण बिमार हाय वो?" वऱ्हाडात भात आजाऱ्याला, नाहीतर लग्नाच्या पंगतीला. "कोणी नाई, बाई," सगुणा म्हणाली, "आमी असेच खातो." त्या दिवशी आम्ही फार सावकाश जेवलो.

दरवर्षी ज्वारीची वावरं कपाशीखाली जात राहिली. वेचणीला, सरकी काढायला, गाड्या भरायला लोक येत राहिले. खाणारे वाढले आणि धान्य बाहेरून येऊ लागलं. अमरावतीच्या बाजारात आमच्या बाजूचे तांदूळ मी ओंजळीत घेऊन ओळखायचो. जीव गलबलायचा, आणि लगेच मनात हिशेब सुरू व्हायचा: हे इथे आले, मग तिथल्या कोठीत किती उरले?

यंदा गावाकडचा गाडीवान धोंडूचा निरोप घेऊन आला. "दादाले सांगजो, अर्धं गाव वऱ्हाडात गेलं. रोवण्याले माणसं नाहीत. औंदा आवत्या टाकतो."

आवत्या म्हणजे रोपं न लावता बी नुसतं बांधीत फेकणं. आमच्या बांध्यांत रोवणा केला, एकेक रोप हाताने चिखलात लावलं, तर पाच खंडी धान होतं. आवत्याने तीनच्या वर जात नाही. मी निघालो तेव्हा मागे घरात सात खाणारे होते. आता अकरा आहेत. पाचात अकरा जण कसेबसे निभतात. तिनात निभत नाहीत, मग तो हिशेब कसाही मांडा.

आषाढात गावी जातो, असं मी संपतरावांना सांगितलं.

"ऐन निंदणात? तुमची कपाशी गवतात हरवन ना!"

"हरवन," मी म्हणालो.

सगुणा आणि पोरंही येणार आहेत. अमरावती-अकोल्याकडे आलेल्या आमच्या बाजूच्या लोकांनो, तुम्हीही चला. ज्याच्या बांधीत हात कमी, तिथे आधी उतरू. आणि गावी राहिलेल्यांनो, बी फेकू नका. रोपांसाठी पऱ्हे टाका, आम्ही निघालो आहोत.

घर कोणतं, असं पोरं मला विचारतात. इथे मी आजारी पडलो तर माझ्या जागी दुसरा माणूस रोजाने मिळतो. तिथे रोवण्याच्या ओळीत मी नसलो, की माझ्या हातभर जागेत नुसतं पाणी दिसतं.