मिस ओलेटाची घोडेखरेदी

ओलेटा प्रुइट घोडा बघायला निघाली, की चाऱ्याच्या दुकानात पैजा लागत: आज कुठली खोड निघणार? वर्षभर ती पंचक्रोशीत घोडा शोधत होती. एकाचे खूर चपटे, दुसऱ्याचे डोळे लबाड, तिसरा बघेपर्यंतच म्हातारा झालेला. दुकानदार बडी म्हणायचा, "अंगण वाकडं म्हणायलासुद्धा माणसानं आधी नाचायला उभं राहावं."

तोंडावर मात्र कुणी बोलत नसे. तिच्या आधीच्या घोड्याने सशाला बुजून तिला कुंपणावर फेकलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. कंबरेचं हाड जुळलं, ती पुन्हा स्कूलबस चालवू लागली. रिकिबीत पाय मात्र त्यानंतर घातला नव्हता.

कोल्बी बिशपची तांबूस घोडी विकाऊ आहे कळल्यावर ती त्याच दिवशी गेली. कोल्बी लहानपणी तिच्याच बसने शाळेत जायचा. त्याची मुलगी कॉलेजला गेली आणि घोडी नुसती उभी होती. घोडी वेस्टर्न प्लेझरची. या स्पर्धेत जिंकायचं ते सावकाश जाऊन: मान खाली, लगाम सैल, स्वाराच्या हातातली कॉफी हिंदकळू नये अशी चाल.

रिवाजाप्रमाणे आधी मालक बसला. घोडीने रिंगणाला संथ फेरी मारली. ओलेटाला ही घोडी हवी होती, अगदी मनापासून.

मग तिची पाळी आली. तिने दात बघितले, चारही खूर उचलले, पाय चाचपले.

"गुडघा जरा गरम लागतोय."

"मिस ओलेटा, कालच डॉक्टर बघून गेलाय. बसा तुम्ही."

"बसायचं काय त्यात? घेते मी. उद्या ट्रेलर आणते."

"न बसता?"

"तुझ्यावर विश्वास आहे."

"तो असू दे. न बसता नेलेली घोडी महिन्यात पुन्हा विकायला निघते. हिचे असे हाल नाही करायचे मला. बसणार नसाल, तर विकायची नाही." त्याने खोगिराचा पट्टा सोडायला घेतला.

"थांब," ओलेटा म्हणाली. तिने घोडीच्या मानेवर हात ठेवला. "भीती वाटते रे मला. झोपेतसुद्धा पडते मी."

घोडं कुठे पेंड खातंय ते कोल्बीला आत्ता कळलं. "मग सांगायचं की आधी." तो आत जाऊन दोर घेऊन आला, जत्रेत चिमुरड्यांना बसवून फिरवतात, तसला.

"हसशील मला."

"हसेन की. पण दोर धरून."

दुसऱ्या प्रयत्नात ती वर चढली. कोल्बी पुढे, घोडी मागे, पावलापावलाने फेरी सुरू झाली. ओलेटाच्या डोळ्यांना धार लागली. पुसायची सोय नव्हती, दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरलं होतं.

"सोडू का दोर?"

"खबरदार सोडलास तर."

आणखी एक फेरी झाली. मग ती उतरली. खोगिराला टेकून तिने दम खाल्ला.

"घेते घोडी," ती म्हणाली. "पण हा दोर बरोबर द्यायचा. आणि उद्या संध्याकाळी तो धरायला तू यायचंस."