पारीवरचा बहिरा दोस्त

हसायचं तर खुशाल हसा, पण कप खाली ठेवून हसा. मागच्या खेपेला हीच गोष्ट सांगितली तेव्हा आमच्या जावयाच्या नाकातून चहा आला होता आणि बायकोनं दोष मला दिला. माणसाची फजिती चारचौघांत होते, कधी घरात होते. माझी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर झाली, रोज सकाळी झाली, आणि सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत झाली, फक्त मला दिसली नाही.

आरमोरीच्या अलीकडे आमचं गाव. मी तिथलाच मास्तर, तिथेच रिटायर झालो. तेव्हा गावात फोन एकच होता आणि तोही बहुतेक मेलेला असायचा. रिटायर झालो आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी धुकं वाटलं. मग वाटलं, चष्म्याला तेलकट बोटं लागली असतील. चष्मा पुसून पुसून पंचा फाटला, पण धुकं काही हटलं नाही.

मग सुरू झालं एकेक. चहा बशीच्या बाहेर ओतला जायचा. एका लग्नात नवरदेव समजून मी बँडवाल्याच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि सुखानं नांदायला सांगितलं. बिचाऱ्यानं पायसुद्धा धरले. बायको म्हणायची, चला, ऑपरेशन करून घेऊ. मी ऐकत नव्हतो. डोळा बाहेर काढून धुतात आणि परत बसवतात, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. सगळी नोकरी पोरांना विज्ञान शिकवलं, पण स्वतःच्या डोळ्याची वेळ आली की विज्ञान कसलं आठवतं?

माझा एकच विरंगुळा उरला होता. सकाळी काठी टेकत तलावाच्या पारीवर जायचं, मोहाच्या झाडाखाली बसायचं आणि पाण्यात गळ टाकायचा. तिथे उरकुडा बसायचा. उरकुडा ढीवर, मासे धरणारा, माझ्याहून मोठा आणि ठार बहिरा. त्याला फक्त अगदी कानाशी ओरडलेलं कळायचं, आणि काहीही कळलं तरी तो एवढंच म्हणायचा, "हूं." मला असाच माणूस पाहिजे होता. कारण माझ्या पोटात खूप साचलं होतं आणि ते सगळं एकाच माणसाबद्दल होतं. दौलतबद्दल.

दौलत माझा लहानपणाचा मित्र. एका पाटीवर शिकलो म्हणा ना. पण मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकात तो प्रॉम्प्टर होता आणि मी राजा. तिसऱ्या अंकात भर दरबारात मी माझं वाक्य विसरलो. मी विंगेकडे पाहिलं, तर दौलत पुस्तकावर डोकं ठेवून झोपलेला! घाबरून मी दुसऱ्या अंकातलं वाक्य बोललो. झालं, दुसऱ्या अंकात मेलेला माझा नाटकातला बाप मागे बिडी ओढत बसला होता, त्यानं आपली वेळ आली समजून सरळ दरबारात एन्ट्री घेतली. लोक खुर्च्यांवर उभे राहून हसले. त्या दिवसापासून मी दौलतशी बोललो नाही. चार-पाच वर्षं झाली असतील. तो समोरून आला की मी रस्ता बदलायचो. दिसेनासं झाल्यावर रस्ता बदलायची सोय गेली, तेवढंच.

तर मी पारीवर बसायचो आणि उरकुड्याच्या कानाशी तोंड नेऊन दौलतचा उद्धार करायचो. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. वर्गात बोललो की पलीकडच्या वर्गातली पोरं उत्तर द्यायची. तो आवाज पाण्यावरून जायचा, पलीकडच्या काठावर बाया धुणं धूत असायच्या त्यांना लागायचा. "दौलत्या म्हणजे बसल्या जागी झोपणारा बैल," मी ओरडायचो. उरकुडा म्हणायचा, "हूं." "शाळेत माझ्याच पाटीवरून पाहून पास झाला." "हूं." मन कसं हलकं व्हायचं!

एका पावसाळ्यानंतर उरकुडा जरा सुधारल्यासारखा वाटला. आधी तो माझ्याकडे फारसं लक्ष द्यायचा नाही. आता माझ्या गळाला गांडूळ लावून द्यायला लागला. पारीवरून उतरताना हात धरायला लागला. मला बरं वाटलं. म्हटलं, म्हातारपणी माणसाला माणुसकी येते.

त्यात आणखी एक सुख सुरू झालं. अधूनमधून घरी डब्यातून मरळ माशाची भाजी यायची. बायको म्हणायची, तुमच्या पारीवरच्या दोस्ताकडून आली. काय चव होती म्हणता! मी दुसऱ्या दिवशी उरकुड्याच्या कानात ओरडून दाद द्यायचो. "तुझ्या घरच्या हाताले चव आहे बाप्पा. नाईतर त्या दौलत्याच्या घरची भाजी! मिठाच्या पाण्यात मच्छी पोहते नुसती." उरकुडा त्या दिवशी "हूं" सुद्धा म्हणाला नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. म्हणून मी परत ओरडलो.

गांडुळाच्या बदल्यात मी त्याला माझं गुपितही त्याच्या आधीच देऊन टाकलं होतं. सांडव्याजवळ दगडाच्या खोबणीत मोठी मरळ बसते, ती जागा फक्त मला माहीत होती. बहिऱ्या माणसाजवळ गुपित सुरक्षित राहतं, असा माझा हिशेब.

शेवटी आरमोरीला डोळ्यांचं शिबिर लागलं आणि बायकोनं मला जवळजवळ उचलूनच नेलं. उजवा डोळा आधी करायचं ठरलं. डोळा बाहेर वगैरे कोणी काढला नाही. हिरवी पट्टी बांधून मला घरी पाठवलं आणि एवढी बंधनं घातली की कैद्याला बरं वाटावं. वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, जोरात खोकायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही.

मग मी करायचं तरी काय? खाटेवर बसायचो, उठायचो, दारापर्यंत जायचो, परत यायचो. बायको म्हणाली, तुमच्यापेक्षा दाव्याला बांधलेलं वासरू शांत असते. सगळ्यात जास्त तळमळ पारीची. पोटात परत साचायला लागलं होतं. मी तिला म्हटलं, माझ्या दोस्ताला निरोप दे, मी येतोच लवकर.

निरोप गेला आणि दोस्त स्वतःच आला. खाटेजवळ बसला, काही बोलला नाही. माझ्या एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यात धुकं. मी लगेच त्याच्याकडे सरकलो आणि साठलेला सगळा माल मोकळा केला. दौलत असा, दौलत तसा, दौलतच्या मिशा म्हणजे जुना झाडू. बायको आतून चहा घेऊन आली, सगळं ऐकलं, हसली आणि चहा ठेवून गेली. मला तिच्या हसण्याचं जरा नवल वाटलं. पण रंगात आलेला माणूस थांबतो का?

पट्टी सुटली. काळा चष्मा मिळाला आणि थोडे दिवस घरात काढल्यावर बाहेर पडायची परवानगीही. आता हे मात्र चेष्टेत सांगत नाही. पारीवर चढलो आणि उभाच राहिलो. शिंगाड्याच्या वेलाचं एकेक पान वेगळं दिसत होतं. पाणकावळा पंख पसरून बसला होता, त्याच्या पंखावरचं पाणी दिसत होतं. इतके दिवस हे सगळं इथेच होतं आणि मी त्याच्यासमोर बसून नुसता ओरडत होतो.

मग मोहाच्या झाडाखाली पाहिलं. तिथे दौलत बसला होता.

माझं डोकंच तापलं. म्हटलं, पाहा, मी चार दिवस आलो नाही तर यानं बहिऱ्या म्हाताऱ्याची जागा बळकावली. तसाच मागे फिरलो आणि तडक घरी आलो. बायको तांदूळ निवडत होती.

"उरकुडा कुठी आहे?" मी विचारलं.

"कोण उरकुडा? तो तं कवाचाच पोरीकडे गेला ना, कोरपन्याले. सांगतलं होतं मी तुमाले."

सांगितलं असेल. मी रेडिओ ऐकत असेन.

"मंग पारीवर माझ्यासंग कोण बसते?"

तिनं सूप खाली ठेवलं. "कोण म्हंजे? दौलतभाऊ. अजी, असं काय करता? मी तं देवाले नारळ फोडला, दोघं बोलाले लागले म्हणून."

मी खाटेवर बसलो. परत उठलो. ती म्हणाली, गावाला वाटलं तुमचं पहिल्यासारखं जमलं. तुम्ही शिव्या देता, ते ऐकून घेतात. लहानपणचे दोस्त असेच असतात, असं सगळे म्हणायचे.

आणि भाजी? भाजी दौलतच्याच घरची, वहिनींच्या हातची.

तो दिवस कसा गेला ते माझं मला माहीत. घरात बसवत नव्हतं आणि बाहेर पडायची लाज. अंगणात फेऱ्या मारल्या. एकेक वाक्य आठवायचं आणि मी जागच्या जागी थांबायचो. बैल आठवला. झाडू आठवला. मिठाचं पाणी आठवलं, तेही दोनदा ओरडलेलं. एकदा वाटलं, आपणही पोरीकडे जाऊन राहावं. जेवणाचं ताट समोर आलं, ते मी तसंच सरकवलं. बायको म्हणाली, आता तर दिसते ना सारं, मग काय झालं? तिला काय सांगू, दिसलं म्हणूनच तर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आपोआप पारीकडे गेले. दौलत तिथेच होता. मी थोडं अंतर सोडून बसलो. त्यानं माझ्या काळ्या चष्म्याकडे पाहिलं, मी पाण्याकडे. त्याचे केस पार पांढरे झाले होते. मला माहीतच नव्हतं.

मी विचारलं, "दौलत, काऊन बोलला नाई रे एकदाही?"

तो गळाकडे पाहत म्हणाला, "पहिल्या रोजी बैल पाहाले आलो होतो. तू येऊन बाजूले बसला अना बोलाले लागला. मी तोंड उघडलं असतं तं तू उठून गेला असता."

मी विषय बदलला. विचारलं, वहिनींना एवढ्या मरळी मिळायच्या कुठून?

"तूच तं जागा सांगतली. सांडव्यापासची," तो म्हणाला. "एवढ्या जोरानं सांगतली का पलीकडच्या बाया बी टोपले घेऊन आल्या. त्या याच्या आधी जेवढ्या भेटल्या, त्यातल्या निम्म्या तुले धाडल्या."

तेव्हापासून आम्ही रोज बसतो. पण खरं सांगतो, सुरुवातीला माझ्या तोंडून शब्द फुटेना. बैल म्हणावं तर बैल समोर बसलेला, आणि तो माझ्याकडे पाहतो आहे. मी हवापाण्याचं बोलायचो, धानाचं बोलायचो, तेही हळू आवाजात. दौलत जांभया द्यायचा.

काही दिवसांनी शिबिरातल्या सिस्टर तपासणीला गावात आल्या. मी पारीवर आहे कळल्यावर तिथेच आल्या. डोळा पाहिला, खूश झाल्या. मग विचारपूस केली. आधी कसं होतं, आता कसं वाटतं, कामं जमतात का, मन लागतं का? मी म्हटलं, सगळं झकास आहे. त्या म्हणाल्या, मग आता पुढच्या शिबिरात डावा डोळाही करून टाकू, काय?

मी हो म्हणणार, तेवढ्यात दौलतनं गळ बाजूला ठेवला आणि हात जोडले.

"बाई, तेवढा एक राहू द्या तसाच," तो म्हणाला. "मी त्या बाजूनं बसत जाईन."